डबल बेल

आमच्याकडं लहान मुलांना पायावर बसवायची रीत होती. हल्लीच्या आयांना हे सांगितलं की त्या माझ्या तोंडाकडं बघत राहतात, म्हणून फोड करून सांगते. मोठ्या माणसानं न्हाणीत पाटावर बसायचं, पाय पुढं लांब करायचे, पावलं जरा फाकवायची आणि त्या पावलांवर मूल बसवायचं. खाली वर्तमानपत्राचा कागद. मुलाच्या दोन्ही बगलांत हात घालून त्याला सावरायचं आणि तोंडानं 'शूऽऽ' म्हणत राहायचं. मूल मान धरायला लागलं की हे सुरू व्हायचं. त्याला पावलांची ऊब लागते, कानावर तो आवाज पडतो आणि हळूहळू कळतं की हे काम इथं करायचं असतं. आमच्या पिढीतली सगळी माणसं अशी कुणाच्या ना कुणाच्या पायावर शिकली. त्यात मिरवण्यासारखं काही नाही आणि लाजण्यासारखंही नाही.

माझ्या लेकीला पायावर बसवलं ते तिच्या आजोबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. घरात नवरा, मी आणि मामंजी, एवढीच माणसं. नवरा उद्यमनगरात लेथवर कामाला होता. मी बी.एस्सी. करून कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या लॅबमध्ये लागले होते. साच्यांच्या वाळूत ओल किती आहे हे तपासायचं माझं काम. ओल जास्त झाली की ओतकामाला भोकं पडतात, कमी झाली की साचा ढासळतो. ऐकायला हे काही भारी वाटत नाही, मला ठाऊक आहे. पण सकाळी कोपऱ्यावर कंपनीची बस यायची, मी डबा घेऊन चढायचे आणि संध्याकाळपर्यंत मी कुणाची सून नसायचे की कुणाची आई नसायचे. वाळू बिघडली तर मोठमोठे मिस्त्री माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहायचे. ते काम मला हवं होतं. घराला हातभार म्हणून तर हवंच होतं, पण त्याहून जास्त माझं मला हवं होतं.

बाळंतपणाची रजा संपत आली तेव्हा लेकीला कोण बघणार, असा प्रश्न पडला. मामंजी एसटीतून कंडक्टर म्हणून नुकतेच रिटायर झाले होते. मी आणि नवरा दबक्या आवाजात बोलत होतो ते त्यांनी ऐकलं आणि बाहेरूनच म्हणाले, "मी हाय की. जलमभर गाडीभर माणसं सांभाळली, ह्यो येवढासा प्याशिंजर मला जड हुतोय व्हय?"

आणि खरंच तो प्याशिंजर त्यांनी सांभाळला. पाटावर बसून लेकीला पावलांवर घ्यायचे, पण 'शूऽऽ' वगैरे काही म्हणायचे नाहीत. जीभ टाळूला लावून कंडक्टरची घंटी वाजवायचे. एकदा 'टण्' म्हणजे थांब. दोनदा 'टण् टण्' म्हणजे सोड. एसटीत दोरी एकदा ओढली की गाडी थांबते आणि दोनदा ओढली की सुटते. या दोनदा ओढण्याला डबल बेल म्हणतात. तेच शास्त्र त्यांनी नातीला लावलं. आवाज इतका हुबेहूब काढायचे की पहिल्या पहिल्यांदा मला स्वयंपाकघरात हसू आवरायचं नाही. काम झालं की म्हणायचे, "चला पावणं, उतरा." मग धुऊन, पुसून, चड्डी चढवून तिला खाली ठेवायचे.

पोरगी दीड वर्षाची व्हायच्या आत तिचे लंगोट सुटले. गल्लीतल्या बायकांना ते खरं वाटेना. कुठं लग्नाकार्याला निघायचं झालं की मामंजी आधी तिला न्हाणीत न्यायचे. गाडी डेपोतनं सुटायच्या आधी टाकी बघाया पायजे, म्हणायचे. वाटेत तिला लागलीच तर एकदा 'टण्' करायचे आणि ती पोर घरापर्यंत धरून ठेवायची. मी कंपनीच्या बसमध्ये हे रंगवून रंगवून सांगायचे. शेजारच्या सीटवर बसणारी, पोरं हाताशी आलेली एक बाई एकदा एवढंच म्हणाली की चांगलं आहे, पण सगळी घंटी म्हाताऱ्याच्या एकट्याच्या तोंडात कशाला ठेवली? मला तो खवचटपणा वाटला. मी खिडकीतून बाहेर बघत बसले.

पावणेतीन वर्षांची झाली तरी ती पायावरच बसायची. तोवर चांगली जड झाली होती, तिचे पाय जमिनीला टेकायचे. महाद्वार रोडवरून मी तिच्यासाठी गुलाबी प्लॅस्टिकची पॉटी आणली होती. तिच्यात ती बाहुलीला अंघोळ घालायची. सुट्टीच्या दिवशी मी पाटावर बसून पाय लांब केले तर ती माझ्याकडं अशी बघायची की मी कुणाच्या तरी जागेवर जाऊन बसले आहे. मग 'आबा' म्हणून हाक मारायची, मामंजी पेपर खाली ठेवून यायचे आणि मी उठायचे.

त्या उन्हाळ्यात, सकाळी चहा पिताना मामंजींच्या हातातून कप सुटला. आधी आम्हाला वाटलं कप निसटला. मग त्यांचं तोंड एका बाजूला ओढलेलं दिसलं. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. सरकारी दवाखान्यात काही दिवस काढून आम्ही त्यांना घरी आणलं आणि बाहेरच्या खोलीत लोखंडी कॉटवर निजवलं. डॉक्टर म्हणाले, हळूहळू काय सुधारेल ते सुधारेल. त्यांचे पाय गेले, त्यांची जीभ गेली, म्हणजे माझ्या लेकीचं जे काही होतं ते सगळं एका सकाळी गेलं. पण हे आमच्या लक्षात यायला वेळ लागला, कारण दवाखान्याच्या धावपळीत पोरगी काय करते याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. शेजारच्या घरी होती, खात होती, खेळत होती. तिला कितीतरी वेळा बसवलं पण ती बसेचना, असं शेजारीण सांगत होती आणि मी नुसती मान डोलवत होते.

लघवी कधीतरी होऊन जायची, उभ्या उभ्या, कुठंही. शी मात्र तिनं धरली. पाय एकमेकांत अडकवून, दार धरून, लाल होऊन उभी राहायची. मी पाटावर बसायचे, पाय लांब करायचे, जीभ टाळूला लावून 'टण् टण्' करायचे. ती म्हणायची, "तुझी घंटी खोटी हाय." नवऱ्यानं करून बघितलं. त्याची घंटी तर माझ्याहून खोटी होती. तो लगेच वैतागायचा आणि बघू की, होईल हळूहळू, म्हणून शर्ट घालून कामाला जायचा. त्याचं काय जात होतं? त्याची लेथ त्याला सोडून कुठं पळून जाणार नव्हती. मी मात्र रजेवर रजा टाकत होते.

मुलांच्या डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं. म्हणाले, शी धरून ठेवते, म्हणून ती आत वाळते. वाळली की दुखते, दुखते म्हणून पोर आणखी धरते. पातळ औषध दिलं, पपई द्या म्हणाले, रागवू नका म्हणाले. हे शेवटचं सांगायला त्यांना फार सोपं गेलं. बाहेरच्या खोलीत म्हाताऱ्या माणसाखालचं कापड बदलायचं, हात धुवायचे, आतल्या खोलीत पोरीची चड्डी बदलायची, परत हात धुवायचे. आधी दिवसभर कंपनीत ओल मोजायची, आता दिवसभर घरात ओल पुसत होते. रागवू नका म्हणे.

माझं माहेर गडहिंग्लजच्या पलीकडं, सीमेला लागून. आम्ही आईला अव्वा म्हणतो. अव्वा मदतीला म्हणून आली आणि आल्या आल्या म्हणाली की जोतिबाला नवस बोल, पोरीला घेऊन जाऊन ये. माझा काही विश्वास होता असं नाही, पण त्या घरातून अर्धा दिवस बाहेर पडायला मिळत होतं. शेजारणीला मामंजींपाशी बसवून आम्ही तिघी एसटीत चढलो. रविवार होता, गाडी खच्चून भरलेली. मी लेकीला मांडीवर घेतलं होतं. तिचं पोट घट्ट झालं होतं आणि ती केविलवाणी माझ्या खांद्यावर पडून होती.

घाट चढायच्या आधी एका थांब्यावर माणसं उतरली, चढली आणि कंडक्टरनं दोरी दोनदा ओढली.

माझ्या मांडीवरचं ते शरीर एकदम सैल झालं. इतके दिवस जे धरलं होतं ते सगळं तिनं सोडलं, माझ्या साडीत, भरलेल्या गाडीत. तिच्या तोंडावर जे समाधान होतं ते मी जन्मात विसरणार नाही. शेजारची माणसं नाकाला पदर आणि टॉवेल लावून सरकली. कंडक्टर गर्दीतून वाट काढत आला, बघितलं आणि म्हणाला, "ताई, लेकराला बसवून आणायचं न्हवं का?"

बसवणारा आडवा झालाय, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. अव्वा मात्र हात जोडून बसली होती. तिच्या मते देवानं गाडीतच कौल दिला होता. डोंगरावर एका दुकानदाराच्या नळाखाली मी लेकीला आणि माझ्या साडीला धुतलं, ओल्या साडीनं रांगेत उभी राहिले आणि कपाळाला गुलाल लावून परत आले. मला देवाचा राग आला नाही, त्या कंडक्टरचाही आला नाही. राग आला तो घरी कॉटवर पडलेल्या माणसाचा. त्यांनी माझ्या लेकीला असं कुलूप लावलं होतं की त्याची किल्ली एसटीच्या प्रत्येक गाडीत टांगलेली होती आणि माझ्या घरात नव्हती.

अव्वा परत गेली. जून लागला. कंपनीतून निरोप आला की साहेब गणपतीपर्यंत थांबतील, त्यापुढं जागा भरावी लागेल. निरोप वाईट नव्हता, साहेब तसे भले होते. मी हिशोब केला. मामंजींपाशी दिवसभर बसायला एक बाई मिळत होती. लेकीला बालवाडीत टाकलं तर मी सुटणार होते. बालवाडी दोन गल्ल्या सोडून होती, दुपारनंतरही मुलं ठेवून घ्यायचे. तिथल्या बाईंची अट एकच, मुलाला शी-शू सांगता आली पाहिजे. मी त्यांना सांगितलं, हो, ती सांगते. पोरगी सांगत नव्हती. पण शिकेल, असं मला वाटत होतं, नव्हे, दुसरं काही वाटून घेणं मला परवडणारं नव्हतं.

पहिल्या दिवशी मी फाटकाबाहेरच थांबले. आत प्रार्थना झाली, गाणी झाली. लेकीचा आवाज मला वेगळा ऐकू येत होता, ती मजेत होती. मला वाटलं, झालं, सुटलो. मग मधल्या सुट्टीचे टोल पडले. तिथं रुळाचा एक तुकडा टांगलेला होता आणि मावशी त्यावर लोखंडी सळी मारायच्या. दोन टोल, अगदी सावकाश. मी फाटकाचा गज धरला. पुढं काय होणार हे मला कळलं होतं आणि करण्यासारखं काहीच नव्हतं. थोड्या वेळानं बाई तिला काखेत धरून बाहेर आल्या. सतरंजी खराब झाली होती, शेजारची दोन मुलं रडत होती. बाई चिडल्या नाहीत. शिकवून आणा, जागा ठेवते, एवढंच म्हणाल्या. लेक मला सांगत होती, "आई, शाळेची घंटी खरी हाय."

त्या दिवशी मी तिच्यावर इतकी ओरडले की गल्लीतली माणसं बाहेर आली. ती घाबरून पळाली आणि मामंजींच्या कॉटच्या पलीकडं जाऊन बसली. मामंजी माझ्याकडं बघत होते. बोलता येत नव्हतं, पण कान आणि डोकं शाबूत होतं. काय चाललं आहे ते त्यांना सगळं कळत होतं. डाव्या डोळ्यातून पाणी येत होतं. उजव्या डोळ्यातूनही येत असेल, पण तो डोळा तसाही सारखा पाझरायचा, त्यामुळं कळायचं नाही.

त्यानंतर लेकीनं तिचा मुक्काम कॉटपाशीच हलवला. पॉटी ओढत तिथं न्यायची आणि तिच्यात चिंचोके भरत बसायची. एका सकाळी मी भाकऱ्या थापत होते आणि बाहेरच्या खोलीतून आवाज आला. ठण् ठण्. लोखंडावर काहीतरी आपटल्याचा. मला वाटलं मामंजी पडले. पिठाच्या हातांनी धावत दारात गेले तर ते तसेच उशीला टेकून होते. डाव्या हातात पाण्याचा स्टीलचा पेला होता आणि तो त्यांनी कॉटच्या गजावर दोनदा मारला होता. खाली लेक पॉटीवर बसली होती. चिंचोके बाजूला काढून ठेवले होते आणि ती काम करत होती. पायावर नाही, पॉटीवर. मामंजींचं अर्धं तोंड हसत होतं, लाळ गळत होती, आणि तोंडातून काहीतरी निघत होतं. पावणं, म्हणत असावेत.

मी दारातच खाली बसले. कितीतरी वेळानं तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला.

पुढचे काही आठवडे आमच्या घरात सुख होतं. खोटं कशाला बोलू, सुखच होतं ते. मामंजी सकाळी चहा घ्यायच्या आधी पेला हातात धरून तयार असायचे. पॉटी कॉटच्या उशाला. लेक येऊन बसली की एकदा ठण्, म्हणजे थांब, नीट बस. मग ठण् ठण्. झालं की डाव्या हातानं तिच्या डोक्यावर थापटी. त्यांना त्या कामाची इतकी गोडी लागली की त्यांच्या जिभेवरही थोडे शब्द यायला लागले. नवरा म्हणायचा, बघ, म्हटलं नव्हतं मी, होईल म्हणून? मला बसमधल्या त्या बाईचं बोलणं आठवायचं. घंटी परत त्या एकट्या माणसाच्याच हातात गेली होती, हे मला दिसत होतं. पण मी थकले होते. चालतंय तोवर चालू दे, असं झालं होतं मला. आणि थोडं थोडं पुढंही सरकत होतं. पॉटी मी रोज कॉटपासून जरा लांब ठेवायचे. मग न्हाणीच्या दारात ठेवली, तिथूनही पेल्याचा आवाज ऐकून तिला व्हायला लागली. बालवाडीच्या बाईंना जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, गणपती झाले की आणा, मधल्या सुट्टीला आम्ही टोल एकदाच देऊ. आजही मला त्या बाईंचं कौतुक वाटतं. एका पोरीसाठी त्यांनी शाळेचा टोल बदलायची तयारी दाखवली.

मी कंपनीत कळवलं, विसर्जन झालं की येते. लॅबचा पांढरा कोट ट्रंकेतून काढून धुतला, नीळ घातली, इस्त्री केली आणि दाराच्या मागं टांगला. येता-जाता त्याच्याकडं बघायचे.

गौरी-गणपती घरी बसले होते त्यातलीच एक सकाळ. स्वयंपाकघरात माझी घाई चालली होती, पुरणाचा कुकर लावलेला, दोन्ही शेगड्या पेटलेल्या. नवरा आरतीची फुलं आणायला गेला होता. लेकीनं त्या दिवशी पॉटी न्हाणीच्या दारातून उचलून परत कॉटपाशी नेली होती. मला ते दिसलं होतं, पण सणाच्या दिवशी कुठं तिच्याशी भांडत बसायचं म्हणून मी शेगडीकडं वळले. बाहेरून तिचा आवाज आला.

"आई, आबा घंटी देईनात."

मी म्हटलं, देतील, थांब जरा. तिनं ऐकलं. गुणाची पोर, बसून राहिली. मी पुरण काढलं, वाटायला घेतलं. भाताच्या कुकरच्या शिट्टीत आणि माझ्या बांगड्यांच्या आवाजात मला दुसरं काही ऐकू येत नव्हतं. मग परत तिचा आवाज आला, आता जरा रडवेला.

"आई, आबा घंटी देत न्हाईत. पेला खाली पडलाय."

मी गेले. पेला खरंच खाली पडला होता आणि पाणी फरशीवरून पॉटीपर्यंत आलं होतं. मामंजी उशीला टेकून होते, रोजच्यासारखेच, डावा हात कॉटच्या बाहेर लोंबत होता. मी त्यांच्या छातीवर हात ठेवला, नाकाशी बोटं धरली. शेजारणीला हाक मारली, नवऱ्याला बोलवायला कुणाला तरी पाठवलं. घर माणसांनी भरलं. कुणी गणपतीवर कापड टाकलं, कुणी शेगड्या विझवल्या, बायका रडायला लागल्या. त्या सगळ्या गडबडीत कितीतरी वेळानं माझ्या लक्षात आलं की लेक कुठं दिसत नाही. ती कॉटच्या पलीकडं, माणसांच्या पायांत, अजून पॉटीवरच बसली होती. तिला कुणी ऊठ म्हटलंच नव्हतं, आणि घंटी झाल्याशिवाय ती उठत नसे. मी तिला उचललं. पॉटी कोरडी होती. तिच्या मांड्यांवर प्लॅस्टिकच्या कडेचा लाल गोल वळ उठला होता. संध्याकाळी अंघोळ घातली तेव्हाही तो तसाच होता.

दिवस-कार्य झालं. सुतकात लेकीनं पुन्हा शी धरली. पुन्हा तोच डॉक्टर, तेच औषध, तीच पपई. पण आता तर ती पॉटीकडं बघूनच किंचाळायची. कुणी म्हणालं, आजा गेल्याचा धसका घेतलाय. कुणी म्हणालं, लाडानं बिघडवलीय. येणाऱ्या प्रत्येकाकडं एक सल्ला होता आणि मला प्रत्येकाला चहा करून द्यावा लागत होता. कंपनीचे साहेब स्वतः येऊन भेटून गेले. बाहेरच्या खोलीत बसले होते, आणि तेवढ्यात लेक त्यांच्यासमोर उभी राहून ओली झाली. त्यांनी बघितलं आणि नजर दुसरीकडं वळवली. पुढच्या आठवड्यात त्यांनी माझ्या जागी एक मुलगी घेतली, आमच्याच भागातली. कोपऱ्यावर ती माझ्याच बसची वाट बघत उभी असायची.

अशाच एका सकाळी नवरा कामावर गेल्यावर मी शेवटचं करून बघायचं ठरवलं. पॉटी कॉटपाशी ठेवली आणि शेजारी फरशीवर बसले. कॉट अजून तिथंच होती, गादी तेवढी काढली होती. लेकीला बोलावलं, जवळ घेतलं, गोड बोलले. तो स्टीलचा पेला घेतला आणि मामंजी मारायचे तसा, तितक्याच जोरात, गजावर दोनदा मारला. आवाज अगदी तोच आला. तो पेला तोच होता, गज तोच होता.

ती माझ्याजवळ आली. माझ्या हातातून पेला काढून घेतला. मला वाटलं, आता मारते, चिडून फेकते. तिनं तो स्वयंपाकघरात नेला, पायाच्या बोटांवर उभी राहून मांडणीत इतर पेल्यांच्या मागं सारून ठेवला आणि परत येऊन माझ्यासमोर उभी राहिली. "ह्यो आबांचा हाय," म्हणाली. मग माझ्या डोळ्यांत बघत, पॉटीच्या शेजारी, उभ्या उभ्या तिनं सोडून दिलं. सगळंच. पायावरून ओघळ खाली आला आणि फरशीवर पसरत माझ्या साडीपर्यंत पोचला.

कोपऱ्यावर कंपनीची बस आली. हॉर्न वाजला, कुणीतरी चढलं, पत्र्यावर कुणीतरी हाताची थाप मारली आणि बस गेली. दाराच्या मागं तो कोट अजून टांगलेला होता. पोतेरं न्हाणीत होतं, चार पावलं टाकली असती तर मिळालं असतं. मी उठले नाही. लेक रडायला लागली, येऊन माझ्या मांडीत बसली, ओली तशीच. मी पाय लांब केले. ती सरकत सरकत माझ्या पावलांवर जाऊन बसली आणि वाट बघायला लागली. मला कुठलीच घंटी वाजवता येत नव्हती. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो.